पोटात पाय

आठ वाजून दहा मिनिटांनी ओहोटी तळ गाठते.
दोसिंदा त्याआधीच कड्याच्या टोकाला,
कमरेला दोर, हातात खरवडणी,
रबरी सुटावर कुणाचा तरी विटका स्वेटर.
ती पेर्सेबे काढायला येते, मी गोगलगाई मोजायला.
गालिसियाचा हा किनारा दोघींना सारखाच झोडपतो,
पण माझा पगार ठरलेला आहे,
तिचा लाटेवर.

वरच्या कातळावर, जिथे नुसते शिंतोडे पोचतात,
तिथली गोगलगाय जांभळाच्या बीएवढी,
जाड, वळ्यावळ्यांची, काळे पट्टे ल्यालेली.
दार अरुंद.
अंग आत ओढून घेतलं की
खेकड्याची नांगी नुसती चाचपत राहते कवचावर,
किल्ली हरवलेल्या माणसासारखी.

खाली, जिथे लाट दगडालाच मारायला येते,
तिची चुलत बहीण: तुरीच्या दाण्याएवढी, गुळगुळीत,
कवच पातळ, तोंड मात्र हे एवढं.
पाय सगळा बाहेर काढता यावा म्हणून.
इथे खेकड्याची भीती नाही.
इथे खेकडाच वाहून जातो.

मधलं अंतर चौदा पावलं.
दोसिंदाच्या चालीने नऊ.

कुणी ठरवलं नव्हतं हे.
ज्या वाहून गेल्या, ज्या फुटल्या,
त्यांची नोंद माझ्या वहीत नाही.
उरलेल्यांच्या अंगावर आहे.

मोडक्या स्पॅनिशमध्ये मी तिला सांगितलं,
आमच्याकडे म्हणतात, गोगलगाय आणि पोटात पाय.
गरीब दिसणाऱ्या लबाडाला.
ती दोर सोडवत होती. थांबली.
"लबाडी कसली त्यात?
पाय पोटातच हवा. नाहीतर इथे उभं कोण राहील?"

दुपारी भिंगाखाली एक मादी उघडली.
पोटात पिल्लं. दोनशे अकरा.
प्रत्येकाच्या अंगावर आधीच घर,
खसखशीच्या दाण्याहून फार मोठं नाही.
ही अंडी दर्यात सोडून देत नाही.
हिचं पोर हिच्याच दगडावर चालू लागतं
आणि जन्मभरात फार तर दोन-चार हात जातं.
आमच्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते,
हिच्याकडे चौदा पावलांवर अंग.

मधल्या पट्ट्यात, काळ्या शिंपल्यांच्या ठिगळांत,
दोन्हीकडच्या भेटतात.
तिथे जन्मतात त्यांचे पट्टे अर्धेच उमटलेले,
दार ना अरुंद ना रुंद.
त्याही जगतात.
त्यांच्यासाठी वहीत मी वेगळा रकाना आखलाय,
तो सगळ्यात लवकर भरतो.

दोसिंदाची मुलगी नोएला झुरिचला, एका वृद्धाश्रमात.
फोनवर आता मध्येच जर्मन शब्द येतात.
"जाड होत चाललीय," दोसिंदा म्हणाली.
वजनाबद्दल म्हणाली का, मी विचारलं नाही.
नोएलाच्या कपाटात राहिलेली लाल नेलपॉलिश
तिने मला आणून दिली, खुणांसाठी.

वरच्या वीस खाली ठेवल्या, खालच्या वीस वर.
प्रत्येकीच्या पाठीवर एक लाल ठिपका.
दुसऱ्या दिवशी खाली तीन सापडल्या.
वर, कपारीत, बरेच लाल तुकडे.
मी वही मिटली. हे मला आधीच माहीत होतं,
कागदावर.
दोसिंदाने एक तुकडा उचलला,
अंगठ्याने ठिपका पुसून पाहिला. पुसला नाही.
"पुढच्या वेळी माझ्या मुलीचा रंग नको," म्हणाली.

आज उधाण. ती खाली, घळीत.
वर दोर धरून शाबेला, नजर क्षितिजावर.
एकाएकी ती ओरडते: "मार!"
तिच्या भाषेत याचा अर्थ समुद्र.
माझ्याही भाषेत फारसा चुकत नाही.

दोसिंदा वर बघत नाही. पळत नाही.
खरवडणी दातांत धरते,
गाल, छाती, पोट कातळाला चिकटवते,
आणि पांढरं सगळं तिच्यावरून जातं.

मी मोजत राहते.
एक. दोन. तीन. चार.
आधी स्वेटर दिसतो.